रणपिसे मॅडमची सही

‘बहुआयामी’ हा शब्द गौतमी रणपिसेनं त्या आठवड्यात एकोणीस वेळा वाचला. एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची सव्वीस पोरं, सव्वीस लघुप्रबंध, आणि ज्याला त्याला पैलू फुटलेले, तेही बहुआयामी. वर्गात ज्यांना ‘मॅडम, जमंना’ याच्यापुढं दुसरं वाक्य सुचत नाही, ती पोरं कागदावर ‘प्रस्तुत अध्ययनातून सामाजिक वास्तवाचे सूक्ष्म पदर अधोरेखित होतात’ असं लिहून मोकळी. हे पदर कुणी अधोरेखित केले ते काय सांगायला पाहिजे? मोबाइलमध्ये एआयला विषय सांगायचा, चहा संपेपर्यंत प्रकरण तयार. कप्पाळ त्यांचं.

गौतमी पिरंगुटजवळच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची. म्हणजे जेवढे तास घ्याल तेवढाच पगार, आणि जून उजाडला की पुन्हा नव्यानं अर्ज, पुन्हा मुलाखत, जणू काही बाई आजच चंद्रावरून उतरलीय. अशी अकरा वर्षं झाली होती. घर उरवड्याला. आई चंद्राबाई तिथल्याच एका पॅकिंगच्या कारखान्यात बावीस वर्षं उभ्यानं खोकी भरायची, आणि गौतमीनं पीएच.डी. केली ती असल्याच कंत्राटी बायकांवर. चार वर्षं शिफ्ट सुटायच्या वेळेला ती गेटवर वही घेऊन थांबली. एका सुपरवायझरनं तिला दोनदा हाकललं, एका बाईनं सात महिने नुसतं ‘उद्या या’ म्हणून टोलवलं आणि आठव्या महिन्यात घरी नेऊन जेवायला घातलं. तेव्हा कुठं त्या प्रबंधाचं एक प्रकरण झालं होतं. आता कुणी चहाच्या कपात प्रकरण बुडवून काढलं की तिचं डोकं सणकायचं, त्यात तिचा काय दोष?

बरं, तिचं भांडण यंत्राशी नव्हतंच. विद्यापीठाचं परिपत्रक आलं होतं, की एआय वापरा, पण जबाबदारीनं वापरा आणि तसं लिहून द्या. जबाबदारीनं म्हणजे कसं, याबद्दल परिपत्रक चिडीचूप. ते मार्गदर्शकानं पाहावं. मार्गदर्शक म्हणजे गौतमी, कारण कायमच्या नोकरीवाल्यांना समित्यांतून सवड नव्हती. प्रत्येक लघुप्रबंधाच्या दुसऱ्या पानावर एक दाखला असतो, ‘हे संशोधन विद्यार्थ्याने स्वतः केले आहे,’ आणि खाली मार्गदर्शकाची सही. इतर लोक ही सही वाणसामानाच्या पावतीवर करतात तशी करत. गौतमीला ते जमायचं नाही. आपण सही केली म्हणजे आपण शब्द दिला, एवढं तिचं सरळ गणित होतं.

म्हणून तिनं चार शनिवार खर्ची घातले. फळ्यावर लिहून दिलं, बोलून सांगितलं, मोबाइल प्रोजेक्टरला जोडून दाखवलं. त्याला प्रश्नावली तपासायला सांगा. मुलाखत रेकॉर्ड केली असेल तर ती उतरवून घ्यायला सांगा, पण मग कानाला लावून शब्द न् शब्द स्वतः पडताळा. एखादं पुस्तक त्यानं सुचवलं तर ते पुस्तक पृथ्वीवर आहे का ते आधी लायब्ररीत जाऊन बघा. आणि एक गोष्ट मेलात तरी करू नका. जे माणूस तुम्हाला भेटलं नाही, त्याच्या तोंडी शब्द घालू नका. शेवटी तिनं प्रत्येकाला एक वही करायला सांगितली. एआयला काय विचारलं, त्यानं काय दिलं, आपण काय ठेवलं आणि काय टाकलं, हे तारीखवार लिहायचं.

पोरांनी वह्या आणल्या. सव्वीसच्या सव्वीस, वेळेवर. गौतमीला क्षणभर भरून आलं. तिनं पहिली उघडली, दुसरी उघडली, आणि तिसरीत एका पानाच्या तळाशी हस्ताक्षरात तिला हे सापडलं: ‘ही नोंद आणखी प्रामाणिक वाटेल अशी करून हवी आहे का?’ पोरांनी प्रामाणिकपणाची वहीसुद्धा एआयकडून लिहून घेतली होती आणि डोळे मिटून वहीत उतरवली होती. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात ते हे. तिनं वही मिटली आणि ती तडक उठली.

विभागप्रमुखांना जाऊन सांगितलं तर ते मनापासून हसले. “मॅडम, कशाला जिवाला लावून घेता? पुढच्या महिन्याच्या वीस तारखेला सगळे लघुप्रबंध विद्यापीठात पोचले पाहिजेत. सह्या करून टाका. आणि जूनमध्ये पुन्हा भेटायचंच आहे की आपल्याला.”

शेवटचं वाक्य त्यांनी चहा ढवळता ढवळता म्हटलं. गौतमीला ते बरोबर कळलं.

तरीही तिनं सगळे लघुप्रबंध परत केले. हट्टी बाई. आठवड्याभरात बहुतेक जण ‘बहुआयामी’ खोडून ‘विविधांगी’ करून घेऊन आले. तिनं ठरवलं, बाकीच्यांचं देव जाणे, त्यांच्या दाखल्यावर ती फार तर ‘पाहिले’ एवढंच लिहील, मग जूनचं काय व्हायचं ते होवो. पण या बॅचमधला निदान एक तरी लघुप्रबंध असा असला पाहिजे, की ज्याच्यावर पूर्ण सही करताना तिचा हात अडखळणार नाही. नाहीतर चार शनिवार आणि अकरा वर्षं, सगळंच मुसळ केरात.

तो एक कुठला, ते तिला मनीषच्या लघुप्रबंधानं दाखवलं, आणि तेही आधी तिला संताप आणून.

मनीष मारुंजीचा. वडील हैबतराव, घरची जमीन, तिच्यातली काही विकली, उरलेल्या तुकड्यावर तीन मजली इमारत चढवून चाळीस खोल्या काढल्या आणि भाड्यानं दिल्या. घरचे सगळे वरच्या मजल्यावर. मनीषचा विषय होता ‘मारुंजीतील भाडेकरू कामगारांचे जीवन’. विषय गौतमीनंच दिला होता, पोराला दारातच माहिती मिळेल म्हणून. आणि या पठ्ठ्यानं काय लिहावं? मुलाखत क्रमांक सतरा: रामप्रसाद, मूळ उत्तर प्रदेश, रोज संध्याकाळी गावच्या विहिरीवर पाणी भरताना त्याला शेताची आठवण येते. मारुंजीत टँकरच्या मागं बादल्या घेऊन पळायचं, तिथं हा रामप्रसाद विहिरीवर उभा राहून उसासे टाकतोय. गौतमीला आधी हसू आलं, आणि मग असा राग आला की रविवारी सकाळी तिनं स्कूटी काढली. लवळे, नांदे, चांदे, माण असं करत ती थेट हैबतरावांच्या दारात.

“मला रामप्रसादला भेटायचंय,” ती मनीषला म्हणाली.

मनीषनं आईकडं पाहिलं, टीव्हीकडं पाहिलं, पंख्याकडं पाहिलं.

“चाळीस बिऱ्हाडं तुझ्या पायाखाली राहतात, मनीष. एक जिना उतरायचा होता तुला. एक जिना. उंटावरून शेळ्या हाकाव्यात, पण इतक्या?”

“उतरलोवतो मॅडम,” मनीष म्हणाला. तो आत गेला आणि कपाटावरची एक प्लॅस्टिकची पिशवी घेऊन आला. पिशवीत चाळीस फॉर्म, भरलेले, अंगठ्यांसकट, सह्यांसकट. गौतमीनं एक पाहिला. पाण्याची सोय? ठीक है. घरमालकाची वागणूक? अच्छी है. काही अडचण? कुछ नहीं. दुसरा पाहिला. ठीक है, अच्छी है, कुछ नहीं. तिसरा, दहावा, चाळिसावा, सगळीकडं हेच, जणू एकाच माणसानं चाळीस खोल्या घेतल्यात.

“मग हे का नाही लिहिलंस?”

“तुमीच वर्गात बोललावता ना,” मनीष खाली बघत म्हणाला. “सगळ्यांची उत्तरं सारखी आली की समजायचं, पोरानं घरी बसून फॉर्म भरलेत. मला वाटलं तुमी मलाच खोटं पाडणार. मग मी एआयला सांगितलं, जरा वेगवेगळी उत्तरं दे.”

गौतमीनं हातातला फॉर्म खाली ठेवला. ते वाक्य तिचंच होतं, दरवर्षी ती ते म्हणायची, पोरं हसायची. म्हणजे पोरगं खरं खिशात घेऊन फिरत होतं, आणि तिच्याच धाकानं त्यानं खोटं लिहिलं. तिला स्वतःचाच राग आला, आणि तो राग काढायला समोर दुसरं कुणी नव्हतं.

“हे फॉर्म तू भरून घेतलेस कधी?” तिनं विचारलं.

“महिनाअखेरीला. लाइटच्या मीटरचं रीडिंग घ्यायला आमी दोघं खाली जातोच, मी आन् बाबा. प्रत्येक दारात थांबावंच लागतंय. म्हटलं, त्यातच फॉर्म उरकू.”

आता बोला. मालक हातात मीटरची डायरी घेऊन दारात उभा, शेजारी मालकाचा पोरगा पेन सरसावून विचारतोय, ‘घरमालकाची वागणूक कशी?’ यावर कोण काय म्हणणार? गौतमीला एकदम आईचा कारखाना आठवला. तिथं तपासणीला साहेब यायचे तेव्हा सुपरवायझर शेजारी उभा असायचा. साहेबांनी विचारलं, काही त्रास? की चंद्राबाईसकट सगळ्या बायका एका सुरात म्हणायच्या, “न्हाई साहेब, समदं बरं हाय.” घरी येऊन त्याच चंद्राबाईनं एकदा म्हटलं होतं, “खरं सांगाय आमाला काय येड लागलंय व्हय? साहेब गाडीत बसून जातोय, आमी हितंच ऱ्हातो.”

“मनीष,” गौतमी म्हणाली, “हा चाळीसदा आलेला ‘ठीक है’ हाच तुझा लघुप्रबंध आहे. तू कोण, तू कधी विचारलंस, शेजारी कोण उभं होतं, ते सगळं जसं झालं तसं लिही. आणि आता पुन्हा विचार. डायरीशिवाय, बाबांशिवाय, या इमारतीपासून लांब.”

पोरगं वाईट नव्हतं हो. त्याला कुणी रस्ताच दाखवला नव्हता. पुढचे तीन आठवडे तो चहाच्या टपरीवर, मजूर अड्ड्यावर, सोसायट्यांच्या गेटवर बसला. बहुतेकांनी तरीही ‘ठीक है’च म्हटलं, कारण मालकाचा पोरगा टपरीवर बसला म्हणून मालकाचा पोरगा राहायचा थोडाच थांबतो? पण सहा जण बोलले. सगळ्यात जास्त बोलली ती गोजराबाई. ती बार्शीकडची, नवरा नाही, पदरी दोन मुली, हिंजवडीजवळच्या एका सोसायटीत चार घरी पोळ्या करायची आणि हैबतरावांच्या जिन्याखालच्या खोलीत राहायची. तिला बोलतं करायला गौतमी स्वतः गेली होती, कसं बसायचं, कसं विचारायचं, ते मनीषला दाखवायला. तिघं सोसायटीच्या मागच्या कठड्यावर बसली.

“ताई, मालकाच्या कानावर जायाचं न्हाई ना?” गोजराबाईनं आधीच विचारलं.

“नाही. तुमचं नाव कुठंच येणार नाही,” गौतमी म्हणाली. “माझा शब्द आहे.”

मग ती बोलली. पाणी दोन दिवसांआड अर्धा तास सोडतात. पाहुणा राहिला तर दुसऱ्या दिवशी मालकीण येऊन विचारते. गच्चीला कुलूप, कपडे वाळत घालायला जागा नाही, आणि मोठी मुलगी आता शहाणी झालीय, तिचे कपडे जिन्यात सगळ्यांच्या नजरेसमोर वाळवावे लागतात. हे सांगता सांगता तिचं वाक्य अर्धंच राहिलं. मनीष मान खाली घालून रेकॉर्ड करत होता. त्या गच्चीची किल्ली त्याच्याच घरच्या खिळ्याला टांगलेली असायची.

पुढच्या आठवड्यात तो कॉलेजात आला तो वही घेऊनच. खरी वही, खाडाखोड केलेली, चहाचे डाग पडलेली. त्यानं रेकॉर्डिंग एआयकडून उतरवून घेतलं होतं आणि मग कानाला लावून पडताळलं होतं. “मॅडम, हितं बघा,” तो म्हणाला. “हितं ती बाई बोलता बोलता गप झाली. एआयनं पुढचं वाक्य स्वतःच्या मनानं पुरं केलंय. मी ते खोडलं. हितं ‘गप्प राहिली’ असं लिहिलं.”

गौतमीनं ते पान वाचलं, आणि पुन्हा वाचलं. अकरा वर्षांत असं पान तिच्या हातात पहिल्यांदा पडत होतं.

तरी ती तिखट नजरेची बाई. तिनं या मुलाखतींचं चौथं प्रकरण लाल पेन घेऊन तीनदा वाचलं. कुठं गुळगुळीत वाक्य आहे का, कुठं न भेटलेलं माणूस आहे का, कुठं पैलू फुटलेत का. काही नव्हतं. एका ठिकाणी फक्त तिनं समासात लिहिलं, ‘बाईचं वर्णन आणखी दे. खरं माणूस दिसलं पाहिजे.’ मनीषनं ते दिलं. एकोणीस तारखेला गौतमीनं पंचवीस दाखल्यांवर ‘पाहिले’ लिहिलं, विभागप्रमुखांचं तोंड आंबट झालेलं बघितलं, आणि सव्विसाव्यावर पूर्ण नाव लिहून ठसठशीत सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी मनीषला पाऊण तास बसवून घेतलं. ‘ठीक है’चं प्रकरण त्यांनी मोठ्यानं वाचून दाखवलं आणि गौतमीकडं वळून म्हणाल्या, “असं काम हल्ली बघायला मिळत नाही.” मनीष वर्गात पहिला आला. विभागप्रमुखांनी अभिनंदनाचा फलक लावला, त्याच्यावर स्वतःचा फोटो मनीषपेक्षा मोठा. असेना का, गौतमीला त्या दिवशी त्याचंही काही वाटलं नाही. तिनं घरी जाऊन चंद्राबाईला सगळं सांगितलं. चंद्राबाई म्हणाली, “त्या बाईनं लई धीर केला.” आणि गौतमी म्हणाली, “हो ना,” आणि विषय तिथंच राहिला.

पंधरा दिवसांनी मनीष स्टाफरूमच्या दारात येऊन उभा राहिला. पेढे नव्हते हातात.

“मॅडम, बाबांनी पुस्तक वाचलं.”

सोनेरी अक्षरांत बांधलेली प्रत घरात आली होती. हैबतरावांनी ती पाहुण्यांना दाखवली, मग एका दुपारी स्वतः चष्मा लावून वाचायला घेतली. चौथ्या प्रकरणात बाईचं नाव बदललेलं होतं, सुमन. पण सुमन जिन्याखालच्या खोलीत राहत होती. सुमनला दोन मुली होत्या. सुमन सोसायटीत चार घरी पोळ्या करत होती. चाळीस खोल्यांत जिन्याखालची खोली एकच.

“खोली खाली करायला सांगितलीय तिला,” मनीष म्हणाला. “स्टोअर करायचंय म्हणतात. मी भांडलो मॅडम. दोन दिवस जेवलो न्हाई. ते ऐकत न्हाईत.” मग तो म्हणाला, “एआयची माणसं बरी होती. त्यांना कुणी बाहेर काढलं नसतं.”

गौतमीनं टेबलावरची प्रत उघडली. समासातलं तिचं लाल अक्षर छापील प्रतीत अर्थातच नव्हतं, पण त्यावरून भरलेला मजकूर होता. तीनदा वाचलं होतं तिनं. तीनही वेळा ती यंत्राच्या पाऊलखुणा शोधत होती. ज्या बाईनं विश्वास टाकला तिला लपवायचं असतं, हे संशोधनाच्या पहिल्या तासाला शिकवायचं असतं. स्वतःच्या प्रबंधात तिनं गेटवरच्या बायकांची गावं बदलली होती, मुलांची संख्या बदलली होती, एका विधवेला नवरा दिला होता. या वर्षी चारही शनिवार एआयवर गेले, आणि हे सांगायचं राहून गेलं. तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

ती तशीच निघाली. हैबतरावांनी तिला खुर्ची दिली, पाणी दिलं. “मॅडम, तुमी पोराला घडवलं, तुमचे लई उपकार हायेत,” ते शांतपणे म्हणाले. “पन घर माजं हाय. खोली मला लागतीया. चहा घ्या.” तिनं विनवलं, मग ती चिडली, मग पुन्हा विनवलं. चूक माझी आहे, त्या बाईची नाही, असं तिनं तीनदा सांगितलं. हैबतराव दर वेळी मान डोलवत होते आणि दर वेळी म्हणत होते, “चहा घ्या.” मनीष दाराशी उभा होता.

ती खाली उतरली तेव्हा गेटजवळ छोटा टेम्पो लागला होता. शेगडी, पातेली, एक लोखंडी पेटी, दोन दप्तरं. धाकटी मुलगी गादीच्या वळकटीवर बसली होती. थोरली आत खोली झाडत होती, रिकामी खोली, जायच्या आधी.

“कुठं जाताय?” गौतमीनं विचारलं.

“चांद्याला मिळालीया. कामाला लांब पडंल. बघू.” गोजराबाईनं पेटी आत सरकवली.

“माझं चुकलं, गोजराबाई. मी शब्द दिला होता.”

गोजराबाईनं तिच्याकडं पाहिलं. ओरडली नाही, रडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“तुमी इचारलं, म्हनून मी सांगितलं,” ती म्हणाली. “पोरगा पास झाला का?”

“झाला. पहिला आला.”

“मग झालं की तुमचं काम,” गोजराबाई म्हणाली, आणि थोरलीला हाक मारून टेम्पोत चढली.